वॉशिंग मशीनला हात लावला की झिणझिण्या येतात – कार्ड बदलू की वायरिंग?

बाल्कनीतली_तुळस

मंडळी, विजेच्या कामातलं ज्यांना कळतं त्यांनी जरा मदत करा.

डोंबिवलीत १९९४ सालच्या इमारतीत राहतो. फ्रंट लोड वॉशिंग मशीन बाथरूमच्या बाहेर, पॅसेजमध्ये आहे. गेल्या पावसाळ्यापासून ओल्या हाताने मशीनला हात लावला की झिणझिण्या येतात. झटका म्हणावा इतकं नाही, पण हात आपोआप मागे येतो. एक हात मशीनवर आणि दुसरा नळावर असेल तर जास्तच. पायात स्लिपर असल्या की काहीच नाही. टेस्टर लावला तर मशीनच्या पत्र्यावर चक्क पेटतो.

सर्व्हिसवाला येऊन गेला. "आतलं कार्ड (इलेक्ट्रॉनिक सर्किटची प्लेट) लीक आहे, बदलावं लागेल," म्हणाला आणि असा आकडा सांगितला की त्यात थोडी भर घातली तर नवीन टॉप लोड येईल. खालच्या दुकानातला इलेक्ट्रिशियन म्हणतो, "ताई, हल्ली सगळ्याच मशीनला थोडा करंट येतो. खाली रबरी मॅट टाका." सासूबाईंनी तर मशीनशी असहकार पुकारला आहे.

फ्रिजच्या मागच्या बाजूला हात लागला तर तिथेही कधीकधी तसंच वाटतं. कार्ड बदलू का?

फ्यूजतार

फ्रिजलाही जाणवतं म्हणालात ना, तिथेच उत्तर आलं. दोन वेगळी उपकरणं एकाच वेळी लीक होत नाहीत सहसा. अर्थिंग, म्हणजे उपकरणाचा पत्रा जमिनीशी जोडणारी वायर, तपासा. कार्डाचे पैसे तूर्त खिशात ठेवा.

गवतीचहा

+१. आमच्याकडे कॉम्प्युटरच्या कॅबिनेटला असंच व्हायचं. बोर्ड उघडला तर तिसऱ्या भोकाला वायरच नव्हती. थ्री पिन नुसती शोभेला.

निवृत्त_वायरमन

तुळसताई, जरा सविस्तर लिहितो, कारण हा प्रश्न दर पावसाळ्यात कोणी ना कोणी विचारतंच.

हल्लीची मशीन, कॉम्प्युटर, काही फ्रिज, सगळ्यांच्या आत वीज शिरते तिथे एक फिल्टर असतो. त्यात दोन छोटे कपॅसिटर असतात. एक फेजकडून (वीज आणणारी जिवंत वायर) मशीनच्या पत्र्याला जोडलेला, दुसरा न्यूट्रलकडून (वीज परत नेणारी वायर). त्यांच्यातून जो किरकोळ करंट पत्र्यावर येतो तो अर्थच्या वायरने जमिनीत निघून जावा, असं गणित असतं. अर्थची वायर कुठे तुटली असेल तर तो करंट अडकतो आणि पत्रा फेज-न्यूट्रलच्या मधोमध, म्हणजे २३० च्या निम्म्यावर, ११५ व्होल्टच्या आसपास तरंगत राहतो. टेस्टर पेटतो, हाताला झिणझिण्या येतात. करंट मिलिअँपिअरच्या खालचा असल्याने माणूस दगावत नाही, म्हणून दुकानातला माणूस "थोडा येतोच" म्हणाला.

पण खरी मेख पुढे आहे. उद्या मशीनचा हीटर खरोखर फुटला तर तोच पत्रा पूर्ण २३० व्होल्टवर जाईल. टेस्टर तेव्हाही तेवढाच पेटेल, कारण त्याला ११५ आणि २३० मधला फरक दाखवता येत नाही. आणि ज्या वायरने तुम्हाला वाचवायचं, ती आधीच तुटलेली आहे. म्हणून झिणझिण्या हा अर्थिंग गेल्याचा निरोप समजा आणि मॅट टाकून तो दाबू नका.

तपासायचं कसं? मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवून मशीनच्या सॉकेटमध्ये तीन आकडे घ्यायचे, मशीनचा प्लग काढून. फेज आणि न्यूट्रल: २३० च्या आसपास. फेज आणि अर्थ: जवळजवळ तेवढाच. न्यूट्रल आणि अर्थ: शून्य ते दोन-तीन व्होल्ट. फेज-अर्थमध्ये ८०, १२० असं काहीतरी आलं किंवा आकडा नाचत राहिला, तर अर्थ लटकलेला आहे. हे काम सवय असलेल्यानेच करावं. मीटरची सुई चुकीच्या भोकात, दुसरा हात ओल्या ओट्यावर, असे प्रकार नकोत.

सव्वादोन_एमएम

काकांच्या लिहिण्यात एक भर. बरेच वायरमन मीटरऐवजी टेस्ट लॅम्प वापरतात, होल्डरला दोन वायरी लावलेला साधा बल्ब. फेज-अर्थमध्ये धरला आणि फुल पेटला की अर्थ "आहे". दोन गोष्टी लक्षात असू द्या.

एक, बल्ब पेटला म्हणजे वायर जोडलेली आहे एवढंच कळतं, अर्थिंग चांगलं आहे की नाही ते कळत नाही. १०० वॉटचा बल्ब अर्धा अँपिअरही घेत नाही. अर्थचा रेझिस्टन्स (वीज अडवण्याचं प्रमाण) २० ओहम इतका जास्त असला तरी तो झकास पेटेल.

दुसरी जास्त महत्त्वाची. अर्थ पुढे कुठे तुटलेला असेल आणि तुम्ही बल्बमधून त्याला फेज दिलात, तर त्या अर्थच्या वायरला जोडलेल्या घरातल्या (कदाचित शेजारच्याही) सगळ्या उपकरणांचे पत्रे बल्बमार्फत फेजला जोडले जातात. तुम्ही इकडे बल्ब बघताय आणि तिकडे कोणीतरी फ्रिज उघडतंय. म्हणून आधी मीटर. मीटरवर आकडा चुकला तर बल्ब लावायचाच नाही.

जुनंतेसोनं

आमच्या गावच्या घरी लाकडी पट्टीवरचं फिटिंग, पोर्सेलिनचे किटकॅट फ्यूज, टू पिनचे बोर्ड. चाळीस वर्षांत कोणाला काही झालं नाही. हे अर्थिंग, ईएलसीबी (करंट जमिनीकडे गळला की लाइन तोडणारं यंत्र) वगैरे डोक्याला ताप आहे. पावसात दर दोन तासांनी पडतो म्हणून शेजाऱ्याने त्याचा ईएलसीबी काढून टाकला.

फ्यूजतार

चाळीस वर्षांपूर्वी घरात काय होतं? चार बल्ब, दोन पंखे, एक रेडिओ. ओल्या बाथरूममध्ये तीन हजार वॉटचा हीटर नव्हता हो.

आणि त्या किटकॅटमध्ये आज नक्की कुठली तार आहे तेही एकदा बघा. फ्यूज सारखा उडतो म्हणून वायरीच्या चार पदरांची वेणी घालून बसवणारे महाभाग मी पाहिलेत. मग फ्यूज उडत नाही, भिंतीतली वायर तापते.

भरतीओहोटी

मालवणहून लिहितोय. शेजाऱ्याचा ईएलसीबी पावसात पडत होता म्हणजे तो काम करत होता, जुनंतेसोनं. अंगणातल्या दिव्यात नाहीतर पंपाच्या जोडात पाणी शिरलं असणार. निरोप्याला हाकलून दिलं, निरोप तसाच राहिला.

आमच्याकडे जांभा. मार्च-एप्रिलमध्ये जमीन कोरडीठाक पडली की अर्थिंगच्या खड्ड्याचा रेझिस्टन्स भलताच वाढतो. कोळसा-मीठ घालून पाइप पुरतात, उन्हाळ्यात त्यात बादलीभर पाणी ओततात. शिवाय खाऱ्या हवेने क्लॅम्प हिरवे पडतात, सांधा वरून धरलेला दिसतो आणि आत गेलेला असतो. पंपाच्या खोलीतला नटबोल्ट मी दर दिवाळीला काढून पॉलिश पेपर मारून पुन्हा आवळतो.

नुसत्या अर्थिंगवर का भागत नाही ते आकड्यात बघा. समजा अर्थचा रेझिस्टन्स २० ओहम. गिझरचा फेज पत्र्याला चिकटला. २३० भागिले २० म्हणजे साडेअकरा अँपिअर. गिझरला एमसीबी (करंट जास्त झाला की पडणारा स्विच) १६ अँपिअरचा. तो जन्मात पडणार नाही! मीटर पळत राहणार, गिझरचा पत्रा जिवंत राहणार आणि घरचे म्हणणार, बिल का वाढलं. आरसीसीबी (लोक ज्याला सरसकट ईएलसीबी म्हणतात तो) मात्र ३० मिलिअँपिअरवर तोडतो, म्हणजे या करंटच्या जवळजवळ चारशेव्या हिश्शावर. कोकणात तरी याला पर्याय नाही.

बाल्कनीतली_तुळस

सगळ्यांचे आभार. ओळखीतल्या एका परवानाधारक वायरमनला बोलावलं. मीटरवर आकडे: फेज-न्यूट्रल २३४, फेज-अर्थ १०८ आणि सतत बदलणारा. काका, अगदी तुम्ही सांगितल्यासारखं.

मग त्याने बोर्ड उघडले. पॅसेजच्या बोर्डात हिरवी वायर होती, पण कापून मागे खोचलेली. मीटर-रूममध्ये तर मजाच. तळमजल्यावर अर्थची जी पट्टी जमिनीत जाते, ती गंजून जमिनीलगत तुटलेली. म्हणजे पूर्ण विंगलाच अर्थिंग नाही! सेक्रेटरींना दाखवलं तर म्हणाले, "विषय जनरल बॉडीत घ्या."

अजून एक. स्वयंपाकघराच्या बोर्डात कोणीतरी न्यूट्रलमधून छोटा तुकडा काढून अर्थच्या पिनला जोडला होता. वायरमन तो बघून हादरलाच, लगेच कापला. मला कळलं नाही, त्यात एवढं काय? फ्रिजच्या त्या सॉकेटला तर टेस्टर पेटत नव्हता.

निवृत्त_वायरमन

टेस्टर पेटू नये म्हणूनच तो तुकडा टाकतात, ताई. गिऱ्हाईक खूश, वायरमन मोकळा. पण मागे मीटरकडे कुठेतरी न्यूट्रल सुटला तर काय होतं बघा. फेज फ्रिजमधून किंवा त्या लाइनवरच्या दिव्यातून न्यूट्रलवर येतो, न्यूट्रलला परतीचा रस्ता नाही, तो तुकड्यातून अर्थच्या पिनवर आणि तिथून सरळ फ्रिजच्या दारावर. लाइट गेलीय असं समजून तुम्ही बर्फ बघायला फ्रिजचं दार उघडता आणि दारावर २३० व्होल्ट. मीटर-रूममध्ये काम करताना कोणी फेज-न्यूट्रल उलटे लावले तरी तेच. असा तुकडा कोणाच्या घरात असेल तर आज काढा. अर्थिंग मिळेपर्यंत ते सॉकेट बंद ठेवलेलं परवडलं.

जनरल बॉडीची वाट बघू नका. अर्थिंगचं काम महाग नसतं. नवीन खड्डा, कॉपर बॉण्डेड रॉड किंवा अडीच मीटर जीआय पाइप, वर झाकणाचा चेंबर, आणि काम झाल्यावर अर्थ टेस्टर लावून आलेला रेझिस्टन्सचा आकडा लिहून घ्या. तो आकडा चेंबरच्या झाकणावर रंगवून ठेवायची पद्धत आहे, आग्रह धरा. मीटरपर्यंतची लाइन वीज कंपनीची, मीटरच्या पुढचं सगळं आपलं. त्यामुळे "कंपनी बघेल" हे उत्तर इथे चालत नाही.

मोडकी_खुर्ची

न्यूट्रल सुटण्यावरून आठवलं. आमच्या सोसायटीत गेल्या वर्षी संध्याकाळी अचानक ट्यूब लखलखीत झाल्या आणि समोरच्या बिऱ्हाडात बल्ब निखाऱ्यासारखा मिणमिणायला लागला. पाच मिनिटांत दोघांचे टीव्ही आणि एकाचा फ्रिज गेला. हे काय असतं नक्की?

फ्यूजतार

हाच तो न्यूट्रल. इमारतीत तीन फेज येतात, काही घरं एका फेजवर, काही दुसऱ्या, काही तिसऱ्या, आणि न्यूट्रल सगळ्यांचा एक. दोन फेजच्या मध्ये ४०० व्होल्ट असतात. न्यूट्रल सुटला की दोन वेगळ्या फेजवरची घरं त्या ४०० व्होल्टवर एकामागे एक जोडली जातात. ज्या घरात लोड कमी, त्याच्या वाट्याला जास्त व्होल्ट. म्हणून एकाकडे लखलखाट आणि दुसऱ्याकडे मिणमिण.

असं दिसलं की विचार करत बसू नका, मेन स्विच पाडा. शेजाऱ्यांनाही ओरडून सांगा. मग १९१२ वर तक्रार. मेन पाडल्याशिवाय टीव्हीचा प्लग शोधत फिरण्यात अर्थ नाही. व्होल्टेज वाढलं की लाइन तोडणारी रिले येते बोर्डात बसवायला, जुन्या इमारतीत ती लावून घ्यावी. एमसीबी आणि आरसीसीबी दोन्ही या बाबतीत काही करत नाहीत.

गारठलेला_पुणेकर

विषय निघालाच आहे तर. अमेरिकेत बाथरूम-किचनच्या सॉकेटलाच आरसीसीबीसारखं यंत्र असतं, त्यावर टेस्ट-रिसेट अशी दोन बटणं, आणि ते साधारण ५ मिलिअँपिअरवर तोडतं. आईने येताना आणलेला ७५० वॉटचा मिक्सर इथल्या १२० व्होल्टवर लावायला स्टेप-अप ट्रान्सफॉर्मर घेतलाय, मिक्सरपेक्षा जड. येणाऱ्यांनो, मिक्सर आणू नका, भांडी आणा.

बाल्कनीतली_तुळस

भांडी आणा! आमच्या नणंदेला वाचून दाखवते हे.

अपडेट. सोसायटीने (बरीच भांडणं झाल्यावर) नवीन अर्थिंग करून घेतलं, आकडा आला २.८ ओहम. घरात हिरव्या वायरी जोडल्या, झिणझिण्या पूर्ण बंद. मशीनचं कार्ड जुनंच. मेननंतर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबीही बसवला.

आता नवीनच तमाशा. सकाळी मिक्सर लावला की आरसीसीबी पडतो. ओव्हन लावला तरी पडतो. रात्री नाही पडत. मिक्सर दुकानात नेला, त्याने तपासून "ओके आहे" म्हणून परत दिला. आईकडे नेऊन लावला, तिथेही आरसीसीबी आहे, पडला नाही. घरी आणला, पुन्हा पडला. वायरमनला फोन केला तर म्हणाला आरसीसीबीच खराब असेल, बदलून बघू.

सव्वादोन_एमएम

बदलू नका. आधी सांगा: सकाळी पडतो तेव्हा गिझर लावलेला असतो का?

बाल्कनीतली_तुळस

नाही, आंघोळी उरकून गिझर बंद केल्यावरच मी स्वयंपाकाला लागते. बटण बंद असतं, दिवा विझलेला असतो.

सव्वादोन_एमएम

बटण बंद, पण प्लग सॉकेटमध्येच ना? तो उपटून बाजूला ठेवा आणि मिक्सर लावा.

बाल्कनीतली_तुळस

नाही पडला!!! मिक्सर, ओव्हन, मशीन सगळं एकदम लावून बघितलं. प्लग घातला, बटण बंदच, मिक्सर लावला, फटकन पडला. हे कसं काय? बंद गिझर आणि चालू मिक्सरचा संबंध काय?

सव्वादोन_एमएम

आरसीसीबी फक्त एकच गोष्ट बघतो: फेजमधून जेवढा करंट गेला तेवढाच न्यूट्रलमधून परत आला का. फरक पडला की तोडतो.

तुमच्या गिझरच्या कॉइलला बहुधा न्यूट्रलच्या टोकाकडे चीर गेलीय. आत पाणी शिरून तिथे न्यूट्रल आणि गिझरचा पत्रा जोडले गेलेत, आणि पत्रा आता अर्थला जोडलेला आहे. बोर्डावरचं साधं बटण फक्त फेज तोडतं. न्यूट्रल गिझरपर्यंत तसाच जातो. मिक्सर चालू केला की न्यूट्रलच्या वायरीत करंट वाढतो, तिच्यावर एखाद-दोन व्होल्ट तयार होतात. समजा दीड व्होल्ट आणि चिरेतला रेझिस्टन्स ४० ओहम, तर ३७ मिलिअँपिअर गिझरमार्गे जमिनीत गेला. परतीचा हिशेब जुळला नाही, आरसीसीबी पडला. तो पाडला मिक्सरने, पण चोर गिझर. रात्री नुसते दिवे-पंखे असतात, न्यूट्रलवर तेवढे व्होल्ट होतच नाहीत, म्हणून पडत नाही.

म्हणूनच गिझरला साधं बटण नको, फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा डीपी स्विच हवा. फॉल्ट शोधतानाही हेच लक्षात ठेवायचं. "सगळे एमसीबी पाडले तरी आरसीसीबी पडतो" म्हणून लोक चक्रावतात, कारण एकपोली एमसीबीही न्यूट्रल तोडत नाही. प्लग उपटायचे, आणि तरी पडत असेल तर वायरमनने न्यूट्रलच्या पट्टीवरून एकेक वायर सोडवून बघायची.

आणखी एक शक्यता जुन्या घरात असते, उसना न्यूट्रल. हॉलच्या ट्यूबला न्यूट्रल जवळ पडतो म्हणून किचनच्या लाइनमधून घेतलेला. अर्ध्या घराला आरसीसीबी लावला आणि अर्ध्याला नाही, की ट्यूब लावताच पडतो. तुमचा मेननंतर लगेच आहे, त्यामुळे तो प्रश्न नाही.

निवृत्त_वायरमन

शाब्बास! प्रश्न विचारायची पद्धत बघा, आधी "गिझर लावलेला असतो का".

ताई, एक लक्षात घ्या. ती चीर आरसीसीबी बसवल्यावर पडलेली नाही, आधीपासून असणार. आधी अर्थच नव्हता म्हणून कोणाला पत्ता नव्हता, आणि त्याच पाण्याने सगळे आंघोळ करत होता. कॉइल बदलेपर्यंत गिझरचा प्लग बाहेरच राहू द्या. "फक्त न्यूट्रलकडे चीर आहे, फेजकडे नाही" अशा हिशेबाने वापरू नका, चीर वाढते.

कॉइल बदलताना टाकी उघडतेच, तर मॅग्नेशियमचा दांडा बघून घ्या. टाकीऐवजी तो गंजावा म्हणून बसवलेला असतो, झिजून तार उरली असेल तर बदला. टँकर किंवा बोअरचं पाणी असेल तर कॉइलवर क्षाराचा थर बसतो, उष्णता पाण्यात जात नाही, कॉइल आतून जास्त तापते आणि फाटते. प्रेशर व्हॉल्व्हमधून गिझर तापत असताना थोडं पाणी ठिबकलं तर घाबरू नका, त्यासाठीच आहे. तो बंद करायला कोणी टोपी बसवली असेल तर मात्र ताबडतोब काढा.

वायर चार चौरस मिलिमीटरची आहे ना? तीन किलोवॉटचा गिझर १३ अँपिअर खातो. १६ अँपिअरचं सॉकेट काळं पडलेलं किंवा प्लग हाताला चटका देणारा असेल तर पिना ढिल्या झाल्यात. तिथे पुन्हा प्लग नकोच, डीपी स्विचमधून थेट जोडणी.

जुनंतेसोनं

हम्म. वाचतोय. गावच्या घराला किती खर्च येईल साधारण? आणि ॲल्युमिनियमची वायर आहे, ती चालेल का?

भरतीओहोटी

वायरमनला घर दाखवल्याशिवाय आकडा सांगण्यात अर्थ नाही. पण ॲल्युमिनियम असेल तर निम्मं काम तिथेच. ॲल्युमिनियमवर गंजाचा पातळ थर येतो, तो वीज नेत नाही. स्क्रूखाली ती दबून सैल होते. कोणीतरी पुढे तांब्याची वायर नुसती पीळ देऊन जोडली असेल तर तो जोड हमखास तापणार. बोर्डाजवळ जळका वास, बोर्डाचा कोपरा पिवळा, पंखा लावला की दिवा लुकलुकणं, असलं काही असेल तर वाट बघू नका.

नवीन टाकताना आयएसआय मार्कची तांब्याची वायर: दिव्या-पंख्याला दीड, १६ अँपिअरच्या सॉकेटला अडीच, गिझर-एसीला चार चौरस मिलिमीटर. हिरवी सगळीकडे, प्रत्येक बोर्डात. मालवणात मी बाहेरच्या दिव्यांना आणि पंपाला वेगळा आरसीसीबी दिलाय, बाहेर पाणी शिरलं तर घरात अंधार नको म्हणून.

गवतीचहा

आरसीसीबीबद्दल गैरसमज राहू नये म्हणून: एका हातात फेज आणि दुसऱ्या हातात न्यूट्रल धरलात, आणि पाय कोरडे असतील, तर तो तुम्हाला वाचवणार नाही. गेलेला करंट परत येतोय, त्याच्या दृष्टीने तुम्ही एक बल्ब आहात. ओव्हरलोडही त्याला कळत नाही, त्याला एमसीबीच हवा. आणि त्यावरचं टी लिहिलेलं बटण महिन्यातून एकदा दाबायचं, पडला नाही तर बदलायचा. हे कोणीच करत नाही.

मोडकी_खुर्ची

मिक्सरचा विषय आहेच तर विचारून घेतो. आमचा इडलीचं पीठ वाटताना मध्येच बंद पडला. जळल्याचा वास नाही. गेला का?

फ्यूजतार

उलटा करा, बुडाला लाल बटण असतं. दहा-पंधरा मिनिटं गार होऊ द्या, मग दाबा. डाळ-तांदूळ घट्ट भरून सलग वाटले की तो जास्त करंट खातो आणि ओव्हरलोड तोडतो. बटण दाबून चालला तर गेला नाही, पाणी वाढवा, थांबून थांबून वाटा.

मोटर फिरतेय पण पातं नाही, तर खालचा कपलर झिजलाय, स्वस्तातलं काम. मोटरमध्ये निळ्या ठिणग्यांचं चक्र दिसतंय तर कार्बन ब्रश संपले. भांड्याच्या बुडातून काळसर ओल येत असेल तर भांड्याची बुश आधी बदला, तेच पाणी बेअरिंगमधून मोटरमध्ये जातं. लोक मोटर भरून घेतात आणि भांडं तेच वापरतात, पुन्हा सहा महिन्यांनी दुकानात.

घरी उघडायच्या यादीत मायक्रोवेव्ह मात्र कधीच घालू नका, कोणी कितीही व्हिडिओ दाखवोत. त्याच्या कपॅसिटरवर प्लग काढल्यावरही दोन हजार व्होल्टच्या आसपास चार्ज राहू शकतो.

गारठलेला_पुणेकर

पंखा हळू फिरणं यात येतं का? आईच्या बेडरूमचा पंखा पाचवर ठेवला तरी दोनवर असल्यासारखा.

फ्यूजतार

बहुतेक कपॅसिटर. काठीने हलकेच ढकलल्यावर फिरायला लागत असेल तर नक्कीच तोच. त्याच्यावर २.५ एमएफडी असं काहीतरी लिहिलेलं असेल, तेवढ्याचाच घ्यायचा. "जास्त स्पीड मिळेल" म्हणून चारचा टाकणारे भेटतील, वाइंडिंग तापतं. आईला म्हणावं, शिडीवर चढायचं नाही, वायरमनला बोलवा, दहा मिनिटांचं काम आहे. आणि नुसतं बटण बंद करून नको, एमसीबी पाडून.

बाल्कनीतली_तुळस

कॉइल निघाली. एका टोकाशी चांगलीच फाटलेली, वर चुनखडीसारखा पांढरा थर. नवीन कॉइल, नवीन दांडा, डीपी स्विच. आरसीसीबी गप्प. सेक्रेटरींनी अर्थिंगच्या चेंबरवर आकडा रंगवलाय, खाली स्वतःचं नावही.

शेवटचा प्रश्न, मग धागा सोडते. मुलांच्या खोलीतला एलईडी बल्ब बटण बंद केल्यावरही रात्री मंद पेटलेला दिसतो. धाकटा घाबरतो. याचाही संबंध अर्थिंगशी?

सव्वादोन_एमएम

नाही, इथे बटण बघा. त्या बटणावर इंडिकेटरचा छोटा दिवा असेल तर त्याच्यातून जाणारा चिमूटभर करंट एलईडीला पुरतो, त्यात धोका नाही. पण साधं बटण असूनही पेटत असेल तर फेज ऐवजी न्यूट्रल बटणात घेतलेला असू शकतो. मग बटण बंद असलं तरी होल्डरमध्ये फेज जिवंत असतो, आणि बल्ब बदलताना तेच बोट होल्डरला लागतं. वायरमन आलाच आहे तर बटणाच्या मागच्या दोन वायरी तपासून घ्या. तोवर त्या खोलीतला बल्ब बदलायचा झाला तर एमसीबी पाडूनच.